चिमणी गाडीचे पाचशे किलोमीटर

बोरखडी गावात एक भोळा घरजावई होता. नाव महिपती. भोळा म्हणजे किती भोळा? कुणी म्हणालं, "महिपती, जरा थांब," की हा थांबायचा. सांगणारा घरी जायचा, जेवायचा, एक झोपही काढायचा. महिपती तिथंच. मग बायको शोधत यायची आणि म्हणायची, "अहो, चला." मग हा चालायचा.

बायकोचं नाव इंदू. तिचे वडील आबा, गुरांचे डॉक्टर. आबांकडं एक जुनी छोटी गाडी होती. पुढून गोल, मागून गोल, रंग मोरपंखी. चार माणसं बसायची, पाचवं बसलं की दार लागायचं नाही. गावानं तिचं नाव ठेवलं चिमणी. तीस वर्षं आबा त्या चिमणीतून गावोगावच्या गाईम्हशींची बाळंतपणं करत हिंडले.

इंदूची पाठवणीसुद्धा चिमणीतूनच झाली. पण जावई पडला घरजावई. मुलगी पाठवायची कुठं? आबांनी दोघांना गाडीत घातलं, गावाभोवती एक चक्कर मारली आणि परत त्याच दारात आणून उतरवलं. महिपतीला वाटलं, पाठवणी म्हणतात ती हीच.

त्याच दिवशी इंदूची धाकटी बहीण शकू आबांच्या धोतराला धरून रडली. मलाही गाडीतनं पाठवा म्हणाली. आबा म्हणाले, "तुझं लग्न होऊ दे, तुलाही चिमणीतनंच पाठवतो." शब्द दिला आणि पुढं काही वर्षांनी आबा गेले. चिमणी गोठ्यात जाऊन बसली. तिच्यावर कडबा पडला. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायला लागल्या.

आता शकूचं लग्न ठरलं. मुलगा तांबेवाडीचा, नाव विलास. तांबेवाडी नऊ किलोमीटरवर. इंदूनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "शकू सासरी जाईल तर आबांच्या गाडीतनं. न्हाईतर मी मांडवात पाऊल टाकणार न्हाई." बोलताना तिचे डोळे भरले. महिपतीनं ते बघितलं. बायकोचे डोळे भरले की त्याला जेवण जात नसे. तो तसाच उठला आणि सायकलवरून तालुक्याला गुलाब मिस्त्रीकडं गेला.

गुलाब मिस्त्री गाड्यांचा जुना जाणकार. पण नेमका त्याचा पाय मोडला होता. प्लास्टर घालून खाटेवर पडला होता.

"इंजिन जाम झालं असंल," मिस्त्री म्हणाला. "सगळं खोलावं लागंल. मी हा असा. तूच खोल. एकेक नट सोडव. फक्त पसारा करू नको बाबा. जिथलं तिथं ठेव."

"जिथलं तिथं. एवढंच ना? तसंच करतो," महिपती म्हणाला आणि सगळी वाट तेच घोकत घरी आला.

सकाळी पाना घेऊन बसला. पहिला नट सोडवला. उलटासुलटा करून बघितला. जिथला होता तिथं लावला आणि घट्ट आवळला. मग दुसरा सोडवला. तोही जिथला तिथं. दुपारी जेवायलासुद्धा उठला नाही. दिवे लागायच्या वेळेला इंदू चहा घेऊन आली. बघते तर इंजिन होतं तसं.

"अहो, खोललं का न्हाई?"

"खोललं की. एकशे चौदा नट खोलले."

"मग कुठायत ते?"

"जिथल्या तिथं," महिपती म्हणाला आणि फुंकर मारून चहा प्यायला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकल. मिस्त्रीनं ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"आरं शहाण्या, काढायचं म्हणजे काढून बाहेर ठेवायचं! आणि त्या गाडीतनं जे जे बाहेर काढशील, त्याला चिठ्ठी बांधायची. कुठनं निघालं, काय हाय, नग किती. म्हणजे परत बसवताना घोळ न्हाई."

"चिठ्ठी. एवढंच ना? आता तसंच करतो."

आणि त्यानं केलंही. शाळेच्या वहीची पानं फाडली, शिवणाचा दोरा घेतला. चार दिवसांत अंगणातल्या घोंगडीवर सगळं इंजिन मांडून झालं आणि एकेका तुकड्याला चिठ्ठी. खरं सांगायचं तर यात चूक काहीच नव्हती. मिस्त्रीनं सांगितलेलं इंजिनाला लागू होतं आणि महिपती ते इंजिनालाच लावत होता. असं त्याच्या हातून क्वचितच घडायचं.

पाचव्या दिवशी तांबेवाडीची मंडळी आली. बरोबर नवऱ्या मुलाचे मामा होते, बापूमामा. हे लग्न त्यांनीच जुळवलेलं. वजनदार माणूस, सगळ्या अर्थानं. "बघू तरी आबांची गाडी," म्हणाले आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. सीट खोल, दार लहान. बसले ते बसले, उठता येईना.

"अहो जावईबापू, जरा बाहेर काढा मला," मामा म्हणाले.

महिपतीनं दोन्ही हात धरून ओढून काढलं. मग लगेच वहीचं पान फाडलं, लिहिलं आणि मामांच्या कोटाच्या बटणाला चिठ्ठी बांधली. मामांना वाटलं, या घराची काहीतरी रीत असेल. तशीच चिठ्ठी लोंबवत ओसरीवर बसले, पोहे खाल्ले, हुंड्याविरुद्ध चार शब्दही बोलले. समोर बसलेला तांबेवाडीचा एक म्हातारा चिठ्ठी वाचून हसायला लागला. मग दुसरा हसला. शेवटी मामांनी स्वतःच वाचली.

'पुढची सीट. डावी बाजू. मामा. नग एक. जड.'

"ही थट्टा म्हणायची का?" मामांनी चिठ्ठी तोडून अंगणातल्या घोंगडीवर फेकली आणि ते ताडकन उठले. "चला रे! हे लग्न होत नाही!"

इंदूनं पाय धरले, आईनं पदर पसरला, शकू आत जाऊन रडत बसली. अर्धा तास विनवण्या चालल्या, तेव्हा कुठं मामा खाली बसले. पाहुणे गेले आणि इंदू नवऱ्याकडं वळली.

"अहो, बाहेरगावाहून आलेल्याला कुणी चिठ्ठी बांधतं का? दमून आलेलं असतंय. त्याला पाटावर बसवायचं. गूळपाणी द्यायचं. मग बाकीचं!"

"गूळपाणी. एवढंच ना? आता तसंच करतो."

इंजिनाचा मुख्य लोखंडी ठोकळा मिस्त्रीनं जिल्ह्याच्या गावी लेथवाल्याकडं पाठवला होता. आतली चार भोकं झिजली होती, ती घासून सारखी करायला. आठवड्यानं ठोकळा एसटीनं परत आला. कंडक्टरनं पोत्यात गुंडाळलेला खाली उतरवला. महिपतीनं खांद्यावरून घरी आणला. उन्हाचा कडाका होता. गरम झाला होता बिचारा ठोकळा.

महिपतीनं पाट मांडला. ठोकळा त्यावर बसवला. माठातलं गार पाणी घेतलं, त्यात गुळाचा मोठा खडा विरघळवला आणि चार भोकांत चार तांबे ओतले.

"उन्हातनं आलात. घ्या," म्हणाला. अजून पाणी हवं का ते बघायला वाकला. भोकं भरलेली होती. मग निवांतपणे जेवायला गेला. जेवून आला तेव्हा अख्ख्या आळीच्या मुंग्या ठोकळ्याला भेटायला आल्या होत्या.

मिस्त्रीचं प्लास्टर तोवर निघालं होतं, पण काठीशिवाय चालता येत नव्हतं. महिपतीनं ठोकळा पोत्यात घालून त्याच्याकडं नेला, तर पोत्यातून मुंग्या निघाल्या आणि त्याच्या बऱ्या पायाला चावल्या.

"लोखंडाला पाणी पाजलंस? वर गूळ घालून?"

"जिल्ह्याहून आला होता, मिस्त्री. दमला होता."

मिस्त्रीनं पायावरच्या मुंग्या झटकल्या. मग रॉकेल आणि फडकं घेऊन ठोकळा पुसत म्हणाला, "हे बघ म्हैपती. पाणी लोखंडाचा वैरी. तेल लोखंडाची माय. एकावर एक काही घासत असंल, कुरकुरत असंल, तर मधे तेल सोडायचं. हात आखडायचा न्हाई. कुरकुर थांबेस्तोवर सोडायचं."

"तेल. एवढंच ना? आता तसंच करतो."

लग्न चार दिवसांवर आलं. घरी जात्यावर हळद दळायचा दिवस. जात्याला आंब्याची पानं बांधली होती. पाच सवाष्णी बसल्या होत्या, ओव्या म्हणत होत्या. जातं जुनं. खालची तळी न् वरची तळी एकमेकींवर घासत होत्या आणि जातं मोठ्यानं कुरकुरत होतं.

महिपती गोठ्यातून आला. हातात इंजिन ऑइलचा डबा. दारात उभा राहून त्यानं ऐकलं. घासतंय. कुरकुरतंय. तो पुढं झाला आणि जात्याच्या तोंडात डबा उपडा केला. हात आखडला नाही.

कुरकुर थांबली. ओव्याही थांबल्या. जात्याखालून बाहेर आलं ते पिवळं नव्हतं.

"अगं बाई! काळी हळद!" एक बाई ओरडली. सवाष्णी पटापट उठल्या. आईनं तोंडाला पदर लावला. "माझ्या शकूला काळी हळद लागायची व्हय रे देवा?"

इंदू या वेळी ओरडली नाही. जात्यापाशी बसली आणि ढसाढसा रडली. "आबा असते तर..." एवढंच म्हणाली. महिपती रिकामा डबा घेऊन तिथंच उभा राहिला. त्याला कळेना, चुकलं कुठं. कुरकुर तर थांबली होती.

"घ्या माझी गळ्याशपथ," इंदू डोळे पुसून म्हणाली. "हितनं पुढं आपल्या मनानं काही करायचं न्हाई. मिस्त्री सांगंल तेवढंच. ना कमी, ना जास्त."

महिपतीनं आजवर आपल्या मनानं काहीच केलं नव्हतं. पण त्यानं शपथ घेतली. शेजारून दुसरं जातं आणलं, हळद पुन्हा दळली.

दोन दिवसांनी मिस्त्री काठी टेकत टेम्पोतून आला. गोठ्यात बाज टाकून बसला. तो मागायचा आणि महिपती चिठ्ठ्या वाचून एकेक तुकडा हातात द्यायचा. कुठंही अडलं नाही. सगळं इंजिन दीड दिवसात उभं राहिलं. शेवटी घोंगडीवर एकच चिठ्ठी उरली.

"ह्यो मामा कुठं बसतो रं?" मिस्त्रीनं चष्मा सरसावत विचारलं.

"पुढं. डावीकडं. पण तो निघून गेला."

उंदरांनी मीटरची तार खाल्ली होती. मिस्त्रीनं नवी टाकली आणि किलोमीटरचे आकडे शून्यावर आणले. लग्नाच्या दिवशी सकाळी चावी फिरवली. चिमणी खाकरली, शिंकली आणि सुरू झाली. इंदू हातातलं काम टाकून धावत आली. आबा रात्री-अपरात्री घरी यायचे तेव्हा असाच आवाज यायचा. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि हसता हसता रडली. महिपतीनं ते बघितलं आणि त्याला इतका आनंद झाला की तोही रडला. का ते त्याला नीट ठाऊक नव्हतं.

मिस्त्रीनं त्याला बाजूला घेतलं. "आता नीट ऐक. इंजिन नवं झालंय. अजून अंगवळणी पडायचंय. पहिले पाचशे किलोमीटर हळूहळू चालवायची. तीसच्या वर काटा गेला न्हाई पायजे. पाचशे झाले की मग न्यायची तिथं ने."

"आधी पाचशे. तीसनं. मग न्यायची तिथं. एवढंच ना?"

"एवढंच."

"ना कमी, ना जास्त," महिपती म्हणाला.

मिस्त्री खूश झाला. म्हणाला, पोरगं शेवटी शिकलं.

लग्न झोकात झालं. बापूमामा जेवले, दोनदा जेवले, राग विसरले. चार वाजता पाठवणी. विलास आणि शकू मागं बसले. शकू आईच्या गळ्यात पडली, इंदूच्या गळ्यात पडली, शेवटी गाडीच्याच दाराला मिठी मारून रडली. इंदू खिडकीशी वाकली. "अहो, जपून. तिला नीट सासरी घेऊन जा."

चिमणी निघाली. तीसनं.

तांबेवाडीच्या वेशीवर ताशेवाले उभे होते. दारात उंबऱ्यावर माप ठेवलेलं, सासूबाई ओवाळणीचं ताट घेऊन सज्ज. गाडी दिसली, ताशा कडकडला. महिपतीनं मीटर बघितलं. नऊ. त्यानं सगळ्यांना हात केला आणि गाडी पुढं गेली.

"साडूभाऊ," विलास मागून म्हणाला, "आमचं घर मागं राहिलं."

"माहितीय," महिपती म्हणाला.

विलास नवा नवरा. सासरच्या मोठ्या जावयाला पहिल्याच तासाला काय बोलायचं? त्याला वाटलं, देवदर्शनाला नेत असतील. चाळीस किलोमीटरला त्यानं पुन्हा विचारलं.

"साडूभाऊ, कुठं चाललोय आपण?"

"पाचशेला. अडीचशे जायचं, अडीचशे यायचं." हिशेब महिपतीला येत होता. तिथंच तर घात होता.

"दाजी!" शकू रडायची थांबून ओरडली. "तुम्हाला वेड लागलंय का?"

"मिस्त्रीनं सांगितलंय. तुझ्या ताईची गळ्याशपथ हाय. मी काय करू?"

गळ्याशपथ म्हटल्यावर शकू मागं टेकून बसली. मग तिनं विलासकडं बघितलं. विलासनं तिच्याकडं बघितलं. लग्न ठरल्यापासून दोघं एकमेकांशी चार शब्द बोलले नव्हते. आता बोलायला पुष्कळ वेळ होता. तीसच्या वेगानं घाट आला, घाट उतरला. बैलगाड्या मागं पडायच्या, पण सायकलवाले गप्पा मारत बरोबर यायचे. अंधार पडल्यावर एका धर्मशाळेत मुक्काम केला. मुंडावळ्या सुटल्या होत्या, त्या शकूनं आरशाला बांधून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र लागला. शकूनं समुद्र कधी बघितला नव्हता. शालूचा काठ भिजवून ती पाण्यात उभी राहिली आणि पोटभर हसली. महिपती मात्र काळजीत होता. मीटरवर दोनशे एकोणपन्नास झाले होते आणि रस्ता संपला होता. त्यानं एक किलोमीटर वाळूवरून चालवली. अडीचशे भरले. मग दोघांना हाक मारली आणि गाडी वळवली.

इकडं हलकल्लोळ माजला होता. त्या काळी खिशात फोन नव्हते. तांबेवाडीची माणसं बोरखडीला आली, बोरखडीची तांबेवाडीला गेली. कुणी म्हणालं, गाडी ओढ्यात पडली. कुणी विहिरीत गळ टाकले. बापूमामा पोलिसात गेले आणि माणसाची खूण काय लिहायची विचारल्यावर म्हणाले, "चिठ्ठ्या बांधतो." इंदू रात्रभर उंबऱ्यावर बसून होती. आबांचा शब्द पाळायला गेले आणि बहीण गमावली, असं तिच्या मनानं घेतलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमाराला तांबेवाडीच्या वेशीवर पोरं ओरडली, "आली! आली!" सासूबाई धावत बाहेर आल्या. माप पुन्हा उंबऱ्यावर ठेवलं. ताशेवाले झोपले होते, त्यांना उठवलं.

महिपतीनं मीटर बघितलं. चारशे एक्याण्णव.

त्यानं सगळ्यांना हात केला.

"अरे थांबव!" विलास आतून ओरडला. "साडूभाऊ! घर आलं!"

"नऊ राहिलेत," महिपती म्हणाला.

सासूबाई ताट घेऊन गाडीमागं पळाल्या. तीसचा वेग, पण त्यांचं वय साठ. बापूमामा स्कूटरवर बसले, बाकीचे टेम्पोत चढले, ताशेवाले सायकलींवर. काय चाललंय ते न कळता ताशेवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली. सगळी वरात चिमणीच्या मागं बोरखडीला पोचली.

गाडी इंदूच्या दारात येऊन उभी राहिली. मीटरवर बरोबर पाचशे. ना कमी, ना जास्त. महिपती उतरला. शकूला उतरवलं, विलासला उतरवलं आणि दोघांना ज्या पायरीवरून उचललं होतं त्याच पायरीवर नेऊन उभं केलं. जिथलं तिथं.

इंदू शकूच्या गळ्यात पडली. तिला चाचपून बघितलं. शकूच्या केसांत वाळू होती आणि ती हसत होती. गुलाब मिस्त्रीनं बॉनेटला कान लावला. इंजिन मऊ आवाजात चालू होतं. घाट चढून उतरून आलं, पण एकदाही कुठं अडलं नव्हतं. आबा असताना होती त्याहून गाडी सरस झाली होती.

बापूमामा धापा टाकत पुढं आले. त्यांच्या मागं अख्खी तांबेवाडी. इंदूचं रडू ओसरलं आणि राग वर आला.

"अहो, काय केलंत हे? मी काय सांगितलं होतं? तिला सासरी न्यायला सांगितलं होतं ना?"

महिपतीला फार वाईट वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं सगळ्यांचं सगळं ऐकलं होतं, आणि तरी बोलणी खावी लागत होती.

"नेली की," तो म्हणाला. "दोनदा नेली. उतरवायला कुणी सांगितलं होतं?"